तीनदा तोच आकडा

"एकाच बाटलीतली वाईन मी तुम्हाला तीनदा दिली. न सांगता, मध्ये दुसऱ्या वाईन घालून. तीनदा तुम्ही तोच आकडा कसा लिहिलात, अण्णा?"

अण्णांनी खांद्यावरचा पंचा नीट केला.

निरंजनने आकडाही सांगितला. एक्क्याऐंशी. तिन्ही वेळा एक्क्याऐंशी. हा प्रश्न वाटेत त्याने दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिला होता. खरं तर तो प्रश्न नव्हताच. नमस्कार होता.

अण्णांनी डोळे मिटून घेतले...

एप्रिलची दुपार होती. दिंडोरीबाहेरच्या त्या बैठ्या घराच्या ओसरीत पंखा फिरत होता आणि वारा काही लागत नव्हता. भागूजी बोरस्ते, म्हणजे अण्णा, चौऱ्याहत्तर वर्षांचे. रसायनशास्त्र शिकलेले, या भागात पहिल्यांदा वाईन होऊ लागली तेव्हापासून त्या धंद्यातले. राज्यातल्या वाईनच्या परीक्षणाला ते पंचवीस वर्षं बसत होते. बोरस्त्यांचं नाक असं लोक म्हणायचे, म्हणजे त्यापुढे वाद संपला.

निरंजन पिंगळे त्यांचा शिष्य. दोन वर्षं त्यांच्याकडे चव घ्यायला शिकला. मग एक दिवस म्हणाला, की जिभेवर भरवसा ठेवता येत नाही, आकड्यावर येतो. आणि पुण्याला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टर झाला.

अण्णांनी तेव्हा त्याला अडवलं नव्हतं.

या फेब्रुवारीत परीक्षण भरवणाऱ्या मंडळाने त्यालाच बोलावलं. काम असं, की वाईनची परीक्षा परीक्षक करतात, आता परीक्षकांची परीक्षा कुणीतरी करावी. परीक्षक पंधरा, दिवस चार, रोज सकाळी एकेकापुढे तीस ग्लास. त्या तिसांमध्ये निरंजनने रोज एक वाईन तीन जागी लपवली. कधी चौथी, सोळावी आणि सत्ताविसावी. कधी दुसरी, अकरावी, तिसावी. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

निकाल पाहून तो स्वतःच दोन दिवस नीट जेवला नाही.

एका परीक्षकाने ज्या वाईनला सकाळी सुवर्णपदकाचे गुण दिले, तिलाच तासाभराने कांस्याचेही दिले नव्हते. दुसऱ्याचं उलट. मग निरंजनने संगणकाला विचारलं, की ही माणसं बसलीच नसती, नुसत्या चिठ्ठ्या काढून गुण वाटले असते, तर काय झालं असतं? दहा हजार वेळा चिठ्ठ्या काढल्या. पंधरांपैकी सात परीक्षक त्या चिठ्ठ्यांपेक्षा फारसे वेगळे निघाले नाहीत.

आणि एकटे अण्णा असे निघाले, की चारही दिवसांत त्यांचा फरक कधी एका गुणाच्या वर गेला नाही. सगळ्यांना सारखेच गुण देऊन टाकलेत, असंही नव्हतं. वाईन बदलली की आकडा बदलायचा. वाईन तीच, तर आकडा तोच.

निरंजनने हे सगळं ओसरीत बसून सांगितलं. फाईल उघडी होती. त्याचा आवाज चढला नव्हता, पण बसणं ताठ होतं. आपला गुरू खरा ठरला, आणि तो आपण खरा ठरवला, या दोन आनंदांत कुठला मोठा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अण्णांनी विचारलं, त्या सात जणांचं काय होणार.

त्यांना काढायचं, असं निरंजन म्हणाला. अहवाल गुरुवारी मंडळापुढे जायचा होता. यादी तयार होती. सगळ्यात वर नाव होतं अनुराधा मोगल. एकाच सकाळी एकाच वाईनला त्यांनी एक्क्याण्णव, ब्याऐंशी आणि पंच्याहत्तर दिले होते.

"त्या खोलीत अनुराधाइतकं नाक कुणाला नव्हतं," अण्णा म्हणाले.

"आकडे तसं म्हणत नाहीत."

"तिसऱ्या वेळी तो ग्लास कशाच्या मागून आला होता?"

निरंजनने कागद पाहिला. पाच जड लाल वाईन, आणि मग तो. पण त्या टेबलावर क्रम सगळ्यांना सारखाच होता, तो म्हणाला. तुम्हालाही.

अण्णांनी मान हलवली. त्या हलण्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पट्टी, अण्णा. इथून पुढे बाकीचे तुमच्यावरून मोजायचे. अहवालात तसं लिहिलंय. मे महिन्यात बंगळूरला माझं भाषण आहे, त्यातही तुमचं नाव आहे."

अण्णांनी अंगणाकडे पाहिलं. अंगणात पाहण्यासारखं काही नव्हतं. वाळत टाकलेली चादर होती...

मग त्यांनी निरंजनला स्वयंपाकघरात जायला सांगितलं. मांडणीवर हिंगाची डबी आहे, तिच्यातला खडा एका वाटीत घे. दुसऱ्या वाटीत तेवढाच खडीसाखरेचा खडा. खिशात नाणं असेल तर तेही काढ.

निरंजनला वाटलं, जुनाच धडा असणार. पूर्वी ते असेच वाट्या हुंगायला लावायचे. तो थोडा हसला आणि उठला. परत आला तेव्हा अण्णांनी खांद्यावरचा पंचा डोळ्यांवर घट्ट बांधला होता.

"छापा पडला तर हिंग नाकाशी धर," अण्णा म्हणाले. "काटा पडला तर साखर. मी सांगेन काय ते. तू लिहून घे."

"हे कशासाठी, अण्णा?"

"तुझ्याच पद्धतीने चाललंय. लिही."

निरंजनने नाणं उडवलं. काटा. त्याने साखरेची वाटी पुढे धरली.

अण्णांनी खोल श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला.

"हिंग," ते म्हणाले.

निरंजनला वाटलं, ते गंमत करतायत. त्याने पुन्हा नाणं उडवलं. छापा. त्याने हिंग धरला, इतका जवळ, की त्याच्या स्वतःच्याच डोक्यात तो उग्र वास गेला.

"साखर," अण्णा म्हणाले.

तिसऱ्यांदा बरोबर. चौथ्यांदा बरोबर. पाचव्यांदा चूक. निरंजन आता काही विचारत नव्हता. नाणं उडवत होता, वाटी धरत होता, कागदावर फुली किंवा बरोबरची खूण करत होता. दहा झाले तेव्हा पाच बरोबर होते आणि पाच चूक.

"दहा पुरेसे नसतात," निरंजन म्हणाला.

"मग वीस घे अजून."

वीस आणखी झाले. पंच्याखालून अण्णांच्या कानशिलावर घाम ओघळत होता. दरवेळी ते तितकाच खोल श्वास घेत, तितकाच वेळ थांबत, आणि मगच सांगत. त्यांनी एकदाही घाई केली नाही. निरंजनला सगळ्यात जास्त तेच सोसवत नव्हतं, की म्हातारा माणूस प्रत्येक वेळी मनापासून शोधत होता.

तिसांपैकी सोळा बरोबर.

निरंजन त्या सोळाकडे पाहत राहिला. पंधराच्या वर एक. त्या एकाचा काही अर्थ लागतो का, हे त्याचं मन सवयीने काढायला लागलं, आणि काहीही लागत नाही हे त्याला गणित करायच्या आधीच ठाऊक होतं.

अण्णांनी पंचा सोडला.

"केव्हापासून?" निरंजनने विचारलं.

"येत्या श्रावणात तीन वर्षं होतील."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना थांबत थांबत, दुसऱ्याचं काही सांगावं तसं. ताप आला होता, आठ दिवस. ताप उतरला. नवव्या दिवशी चहा प्यायले, तर कपात नुसतं गरम पाणी होतं. त्यांना वाटलं, जाईल आठवड्यात. मग वाटलं, महिन्यात. डॉक्टरांनी सांगितलं, काहींचं परत येतं. त्याच वर्षी परीक्षणाचं पत्र आलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पंचवीस वर्षं लोक त्यांना नावाने कमी आणि नाकाने जास्त ओळखत होते. ते नाक गेलं, हे त्यांनी सख्ख्या मुलाला सांगितलं नव्हतं.

म्हणून ते बसले.

"पण गुण कसे दिलेत?"

"डोळ्यांनी."

ग्लास उजेडात धरायचा. रंग पाहायचा. कडेला तो किती फिकट होतो, ते पाहायचं. ग्लास फिरवला की काचेवरून थेंब किती सावकाश उतरतात, तेही. एवढ्या वर्षांत लाखभर ग्लास पाहिले होते. दिसण्यावरून अंदाज बांधता यायचा. मग ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, घोट घ्यायचा, थुंकायचा. बाकीचे करतात तसं सगळं करायचं. आणि डोळ्यांनी आधीच ठरवलेला आकडा लिहायचा.

"रंगाला कंटाळा येत नाही," अण्णा म्हणाले. "सकाळी जसा, दुपारी तसाच. लाल वाईनच्या मागून आला म्हणून बदलत नाही."

निरंजनने फाईल मिटली. पुन्हा उघडली. मिटली...

मग त्याला जे सुचलं ते तो बोलून गेला. हे कुणाला कळायची गरज नाही, तो म्हणाला. अण्णांनी तब्येतीचं कारण सांगून या वर्षी निवृत्त व्हावं. मान राहील. अहवाल आहे तसा जाईल. आकडे खोटे नाहीत, एकही आकडा आपण बदललेला नाही.

अण्णा ऐकत होते. तो बोलायचा थांबल्यावरही ते ऐकतच असल्यासारखे दिसत होते.

"कारभारी गाजऱ्यांची पांढरी वाईन," ते म्हणाले. "आमच्या टेबलावर आली होती. आकडे काढ."

निरंजनने काढले. विंचूरजवळचा एक लहान वाईन करणारा माणूस, दरवर्षी एकच वाईन पाठवायचा. टेबलावर पाच परीक्षक. चौघांचे गुण अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव, शहाऐंशी. ब्याण्णव अनुराधा मोगल यांचे. पाचवे अण्णांचे, अडुसष्ट. सरासरी चौऱ्याऐंशी पूर्णांक आठ. सुवर्ण पंच्याऐंशीला.

"ती गढूळ होती," अण्णा म्हणाले. "तो गाळत नाही. मला गढूळ दिसली."

निकालानंतर ते दुकानात जाऊन तीच वाईन विकत घेऊन आले होते. शेजारच्या दोघांना बोलावून प्यायला दिली. स्वतः समोर बसले, आणि त्यांचे खुलणारे चेहरे पाहत राहिले.

"यादीत माझं नाव घाल. अनुराधाच्या वर."

निरंजन हो म्हणाला नाही. रात्रीपर्यंत पुण्याला पोचायचं आहे असं सांगून तो उठला. निघताना वाकून नमस्कार केला, पण हाताला हिंगाचा वास होता, म्हणून पायांना हात न लावता केला.

पुढचे तीन दिवस तो अहवालासमोर बसून होता. अण्णांचं नाव काढायच्या यादीत घालावं, तर त्याची सगळी पद्धतच उघडी पडत होती. जो पट्टी ठरला त्याला वासच येत नव्हता, हे लिहायचं कसं? आणि पट्टी म्हणून ठेवावं, तर... शेवटी त्याने अण्णांचा रकानाच काढून टाकला. कारण दिलं नाही. चौदा परीक्षक उरले. अनुराधा मोगल यादीत सगळ्यात वरच राहिल्या.

गुरुवारी नाशिकला मंडळाची बैठक झाली. परीक्षकांनाही ऐकायला बोलावलं होतं. निरंजन पडद्यावर आकडे दाखवत होता, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि अण्णा आत आले. एसटीने आले होते. शर्टावर धूळ होती. ते बसले नाहीत.

अध्यक्षांनी बोलायला सांगण्याआधीच त्यांनी बोलून टाकलं. चार वाक्यं. तीन वर्षं मला वास येत नाही. तरी मी बसलो. माझ्या गुणांनी कारभारी गाजऱ्यांचं सुवर्ण गेलं. डॉक्टर पिंगळ्यांना हे मी सोमवारी सांगितलंय.

निरंजनच्या मागे पडद्यावर चौदा नावं होती.

अण्णा अजून उभेच होते. अनुराधा मोगल उठल्या. त्या पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. पडद्यावर त्यांच्या नावापुढे तांबडी खूण होती, ती त्यांनी अर्धा तास पाहिली होती. त्यांनी आपली खुर्ची उचलली, चालत जाऊन अण्णांच्या मागे ठेवली आणि त्यांना खांद्याला धरून बसवलं. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

मंडळातल्या एका सदस्याने निरंजनला विचारलं, तुमच्या पद्धतीत हे कसं सापडलं नाही?

उत्तर त्याला ठाऊक होतं. माणूस किती स्थिर आहे ते माझी पद्धत सांगते, तो कशावर स्थिर आहे ते सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो हेच शिकवायचा. पण अण्णा समोर बसले होते, आणि त्याने फक्त पडद्यावरचे आकडे बंद केले.

त्या दिवशी कुणाला काढलं गेलं नाही. अण्णांचे तीन वर्षांचे गुण बाजूला ठेवून निकाल पुन्हा मांडले गेले. कारभारी गाजऱ्यांना सुवर्ण मिळालं, पण समारंभ होऊन गेला होता. प्रमाणपत्र टपालाने गेलं. गाजरे दिंडोरीला आले, अण्णांच्या ओसरीत अर्धा तास बसले आणि या वर्षीच्या द्राक्षांबद्दल बोलून गेले. बाकी कशाचा विषय त्यांनी काढला नाही. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, असं अण्णा नंतर म्हणाले.

निरंजनने बंगळूरचं भाषण रद्द केलं.

जूनपासून तो महिन्यातून दोनदा अनुराधाबाईंकडे जाऊ लागला. शिकवा म्हणाला. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. त्या ग्लास पुढे ठेवायच्या आणि काय येतंय ते सांगायला लावायच्या. पहिले दोन महिने त्याला वाईनचाच वास यायचा, दुसरा कसला नाही. मग एकदा पेरू आला. मग भिजलेलं गवत. मग पेरू पुन्हा गेला, आणि कितीही शोधला तरी आला नाही.

दिवाळी झाल्यावर त्याने बाईंना एक विनंती केली. मी सगळ्यांची घेतली तशी माझी परीक्षा घ्या. न सांगता, तीनदा तीच वाईन.

परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो दिंडोरीला आला.

अण्णा वाळले होते. ओसरीतच होते. निरंजन समोर बसला. या खेपेला त्याच्याकडे फाईल नव्हती, वहीचा एक फाटका कागद होता. तो त्याने अण्णांपुढे धरला.

अठ्ठ्याऐंशी. एकाहत्तर. एक्क्याऐंशी.

"तीच वाईन," निरंजन म्हणाला. "एकाच सकाळी. प्रत्येक वेळी मला खात्री होती, अण्णा. पहिल्या वेळी त्यात पेरू होता. दुसऱ्या वेळी नव्हताच. मी खोटं लिहिलेलं नाही."

अण्णांनी कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला...

"माझ्याच पद्धतीने मी यादीत पहिला येतो," निरंजन म्हणाला. "आठ वर्षं मी लोकांच्या चुका मोजतोय. आता थकलो. आपल्याला हे जमत नाही, एवढंच यातून कळायचं का?"

पंखा फिरत होता. अण्णांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घातली, आणि ती त्याच्या हातात परत दिली. त्याचा हात त्यांनी लगेच सोडला नाही.

"चुकायलासुद्धा आधी वास यावा लागतो रे."